जरा आवाज कमी करता का?

खिडकीपाशी (सोमवार, रात्री ९:४०)

गेल्या गुरुवारची गोष्ट. संध्याकाळची अंबरनाथ लोकल, लेडीज डबा. घाटकोपरला चढले, ठाण्याला नशिबाने चौथी सीट मिळाली. (लोकलने न जाणाऱ्यांसाठी: बाक तिघींचा असतो. चौथीने अर्ध्या बुडावर बसायचं आणि उरलेला देह पॅसेजमध्ये सांभाळायचा.) शेजारच्या बाई मोबाईलवर रील बघत होत्या. इयरफोन नाही. त्यात कुणीतरी 'सासूबाईऽऽ' म्हणून किंचाळते आणि मागून तो डबाबंद हशा येतो, सगळं मिळून पंधरा सेकंदांचं. संपलं की पुन्हा तेच, कारण बाई ते रील एकेका मैत्रिणीला पाठवत बसल्या होत्या आणि ते मागे वाजतच होतं. मुंब्रा येईपर्यंत मी सासूबाईंना अकरा वेळा ऐकलं. मोजलं, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं.

शेवटी म्हटलं, "जरा आवाज कमी करता का?"

बाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "एवढा त्रास होतो तर फर्स्ट क्लासचा पास काढा."

इथवर ठीक आहे. असली उत्तरं आपण सगळ्यांनीच ऐकलीत. पण समोरच्या बाकावर एक बाई असतात, वर्षभर तरी चेहऱ्याने ओळखते मी त्यांना, दिवाळीत एकमेकींच्या डब्यातली चकली खाल्लीय. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो." रीलवाल्या बाईंना नाही. मला!

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. 'जाऊ द्या' हे नेहमी तक्रार करणाऱ्यालाच का ऐकावं लागतं? रांगेत घुसणाऱ्याला कुणी 'जाऊ द्या, मागे उभे राहा' म्हणत नाही. ज्याच्या पुढे तो घुसला त्याला म्हणतात. सिग्नलला मागून हॉर्न बडवणाऱ्याला नाही, वळून बघणाऱ्याला.

तुम्ही बोलता का अशा वेळी? बोलून उपयोग होतो का? अनुभव लिहा.

बंडूनाना

जाऊ द्या हो ताई.

(ह. घ्या. म्हणजे हलके घ्या.)

चहाबाज

पहिला प्रतिसाद हाच येणार हे माहीत होतं.

मी बोलत नाही. एकदाच बोललो होतो. रिक्षा सिग्नलला थांबली, चालकाने डावीकडे पिंक टाकली, थोडे तुषार माझ्या गुडघ्यावर. म्हटलं, "दादा, असं थुंकू नका हो." दादांनी लगेच गमछ्याने तोंड पुसलं, "सॉरी साहेब" म्हणाले, अगदी मनापासून. पुढच्या सिग्नलला उजवीकडे थुंकले. त्यांच्या हिशेबाने त्यांनी माझं ऐकलं होतं.

आसनगावकर

सव्वीस वर्षं झाली मध्य रेल्वेने जातोय, म्हणून लिहितो. लोकलमध्ये शिस्त नाही असं म्हणणाऱ्यांनी आठ दिवस सकाळच्या गाडीने प्रवास करावा. इतके न लिहिलेले नियम कुठल्या सोसायटीत नसतील. खांद्याची सॅक आत शिरण्याआधी पुढे घ्यायची किंवा रॅकवर द्यायची. रॅकवर देताना 'कुणाची' हे कुणी विचारत नाही, हातोहात जाते आणि उतरताना हातोहात परत येते. उतरायच्या एक स्टेशन आधी दाराकडे सरकायला लागायचं आणि पुढच्याच्या खांद्याला बोट लावून फक्त "दादर?" विचारायचं. त्याने मान हलवली तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही हलवली तर तो बाजूला होतो. पूर्ण वाक्य कुणी बोलत नाही, गरजही पडत नाही. आमच्या ग्रुपमध्ये आसनगावपासून बसून आलेले ठाण्याला उठतात आणि उभे असलेले बसतात. हे कुणी ठरवलं ते कुणाला आठवत नाही.

याचं कारण माणसं चांगली आहेत हे नव्हे. उद्या सकाळी त्याच दारात त्याच माणसाचं तोंड बघायचंय, हे कारण. जिथे पुन्हा गाठ पडणार नाही तिथे माणूस सुटतो. तुमच्या त्या रीलवाल्या बाई रोजच्या नसणार, पैज लावतो.

आणि एकटीने बोलायचं नाही कधी. आधी दोघींकडे बघायचं, नजरानजर झाली, त्यांनीही कपाळाला आठी घातली, की मग बोलायचं.

मी_दिव्याची

वरचा प्रतिसाद वाचून हसावं की रडावं कळेना. आसनगावकर, तुमच्या त्या रोज तोंड बघणाऱ्या ग्रुपांमुळेच आम्हाला दिवा स्टेशनला गाडीत चढता येत नाही.

आत पॅसेजमध्ये हलायला जागा असते, मला बाहेरून दिसते. दारात चौघीजणी दांड्याला कोपर टेकवून उभ्या. "मागची पकड, रिकामी येतेय." अहो, मागची रिकामी येत असती तर तुम्हीच नसता का गेलात तिने? रेल्वे कायदा १९८९, कलम १५५ बघा. आरक्षित नसलेल्या डब्यात दुसऱ्याला चढायला अडवलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. पण फलाटावर वीस सेकंद गाडी थांबते, त्यात मी कलम वाचून दाखवू?

आणि त्याच चौघींचं एकमेकींशी वागणं बघाल तर डोळे भरून येतील. एकीचं डोहाळजेवण डब्यातच केलं त्यांनी. दांड्यांना फुलांच्या माळा, हिरवी साडी, ओटी भरली, रॅकवर पाच खण. त्या दिवशी मी कशीबशी आत शिरले होते. त्यांनी मलाही पेढा दिला, आग्रहाने, "घे गं, गोड खा." दुसऱ्या दिवशी तोच हात दारात आडवा.

तेव्हा 'उद्या तोंड बघायचंय म्हणून माणूस नीट वागतो' हे अर्धंच खरं. माझंही तोंड त्या रोजच बघतात की.

आसनगावकर

आमचा ग्रुप तसा नाही.

मी_दिव्याची

सगळे हेच म्हणतात.

टाळकरी

लोकलच्या शिस्तीचा विषय निघालाय तर आम्हा भजनवाल्यांना मधे ओढण्याआधीच हजर होतो. 🙏

आमचं मंडळ नऊ जणांचं. टाळ दोन जोड, ढोलकी नाही, पत्रा वाजवत नाही. कल्याण सोडलं की सुरू, कुर्ल्याला पसायदान. कुणी परीक्षेचा अभ्यास करत असेल, आजारी असेल, तर सांगावं, आम्ही थांबतो. आजवर एकाच मुलाने सांगितलं, थांबलो.

खिडकीपाशी

टाळकरी, चिडू नका, पण 'सांगावं, आम्ही थांबतो' यातच गोम आहे. नऊ जण डोळे मिटून गात असताना 'थांबा' म्हणायला किती धीर लागेल? तो मुलगा एकटाच बोलला, म्हणजे एकालाच त्रास झाला असं नाही. आमच्या डब्यात पत्र्यापलीकडून भजन ऐकू येतं. मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या बाजूला एक नर्स मुलगी रात्रपाळी करून परतताना डोकं टेकवून झोपायचा प्रयत्न करते, तिला विचारलं तर?

चहाबाज

म्हणजे रील नको आणि अभंग चालेल असं नाही ना? आवाज तो आवाज. बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये इयरफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला बंदी घातली. त्यात ज्ञानोबा-तुकोबांना सूट असल्याचं वाचनात नाही.

टाळकरी

चहाबाज, एकदा कल्याणला या. टाळ हातात देतो, मग बोलू.

प्रशासक

भजन, अजान, डीजे आणि कोणत्या पक्षाच्या काळात काय सुरू झालं, यावरचे चौदा प्रतिसाद उडवले आहेत. धागा अनोळखी लोकांच्या वागण्याबद्दल आहे. ओळखीच्यांशी भांडायला खरडवही आहे.

डॉ_साखरझोप

माझा दवाखाना सांगलीच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी. 'फक्त' या शब्दाची मला आता ॲलर्जी आहे. "फक्त रिपोर्ट दाखवायचाय." "फक्त एक विचारायचंय." "फक्त सही." नंबर लावून बसलेली अठरा माणसं ओलांडून दार ढकलतात, टेबलावर पेशंट पोट उघडं टाकून पडलाय, माझा हात त्याच्या यकृतावर, आणि दारातून मुंडकं: "मॅडम, फक्त..." आणि लिहून ठेवा, सगळ्यात जास्त वेळ या 'फक्त'वाल्यांनाच लागतो. रिपोर्ट पिशवीच्या तळाशी असतो, वर गेल्या वर्षीचे, आणि निघता निघता "आणि हिचंही जरा बघा."

रांगेवरून एक आठवलं. इंटर्नशिपला असताना प्राथमिक आरोग्य केंद्र नऊला उघडायचं, माणसं सातपासून यायची. तेवढा वेळ कोण उभं राहणार? मग दारापासून चपलांची रांग लागायची आणि माणसं चिंचेखाली सावलीत. ज्याच्या पायात चपला नसतील त्याचा दगड, एखाद्याची पिशवी. अनवाणी फिरायचे पण चपला हलवायचे नाहीत. अंगठा तुटून तारेने बांधलेली एका म्हातारीची चप्पल पुढे असायची, तिला ओलांडून कुणाची करकरीत कोल्हापुरी पुढे सरकलेली मी वर्षभरात पाहिली नाही.

नऊला दार उघडायचं, माणसं आपापल्या चपलांत पाय घालून उभी राहायची, आणि तिसऱ्या मिनिटाला रांग मोडायची.

बंडूनाना

डॉक्टर, फक्त एक विचारायचंय...

पेठेतला

धागाकर्तीच्या मूळ वाक्याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. पाहू.

आपल्याकडे प्लीज नाही म्हणून आपण उद्धट, असं आमच्या सोसायटीतली परदेश पाहून आलेली मंडळी सांगत असतात. 'कृपया' आहे, पण तो पाटीवर राहतो. तोंडाने कुणी "कृपया मीठ दे" म्हणालं तर घरचे ताप बघतील. आपलं प्लीज म्हणजे 'जरा'. "जरा सरकता?" "जरा धरा हो." काम केवढं का असेना, 'जरा' म्हटलं की समोरच्याला ते बोटभर वाटावं ही सोय. मग 'हं', 'हो', 'ना' या शेपट्या. "थांबा" हा हुकूम, "थांबा हं" ही विनंती. एका अक्षराचा फरक, आणि इतका स्वस्त दुसऱ्या भाषेत कुठे मिळेल मला ठाऊक नाही.

म्हणजे "जरा आवाज कमी करता का?" हे वाक्य निर्दोष आहे. 'जरा' आहे, 'ता का' आहे. पण प्रश्न विचारला की समोरच्याला 'नाही' म्हणायचा हक्क मिळतो, आणि बाईंनी तो बजावला. मी असतो तर "आवाज कमी करा हं जरा" म्हटलं असतं. शब्द तेच, दार बंद.

आता माझी तक्रार. नाट्यगृह, दुसरा अंक, रंगमंचावर शांतता. पुढच्या रांगेत फोन वाजला. माणसाने तो उचलला! आणि हळू आवाजात, अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "नाटकात आहे. हो. नाही, चांगलंय. अजून संपलं नाही." २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी जाहीरपणे लिहिलं होतं की प्रेक्षकांचे फोन असेच वाजत राहिले तर नाटकात काम करणं थांबवेन. तेव्हा सगळ्यांनी हळहळून ती पोस्ट पुढे पाठवली. काहींनी नाटक चालू असतानाच पाठवली असावी.

त्या गृहस्थांना मी मध्यंतरात बोललो. ते म्हणाले, "पण मी हळू बोललो ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पेठेतल्या माणसाकडे उत्तर नसणं म्हणजे काय ते समजून घ्या.

पणजेकार

पेठेतले, एक अक्षर स्वस्त खरं, पण आमच्याकडे अख्खा आशीर्वाद फुकट देतात. गोव्यात वाट दाखवली, सुटे दिले, पिशवी उचलून दिली, की म्हातारी माणसं "देव बरें करूं" म्हणतात. देव तुझं बरं करो. आभार मानायचं काम देवावर सोपवून मोकळे.

आता बरं करण्याची पाळी देवावर फारच येते. पणजीत फोंतेन्हास भागात आमच्या मावशीचं घर. जुनं, रंगवलेलं, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं होती पूर्वी. सकाळी सातला दाराच्या पायरीवर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपं, सोबत छत्र्या धरणारे दोघे. मावशी दूध आणायला बाहेर आली तर फोटोवाला काय म्हणाला? "आजी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." स्वतःच्या दारात! पेठेतले, 'जरा' होतं, 'ना' होतं, सगळं होतं.

किनाऱ्यावर दारू पिऊन बाटल्या फोडणाऱ्यांसाठी आमच्याकडे पर्यटनस्थळांचा २००१ चा कायदा आहे, २०१९ च्या दुरुस्तीने एकट्याला २००० रुपये आणि टोळक्याला १०,००० दंड केला होता. पायरीवर बसणाऱ्याला काय लावणार? मावशीने शेवटी उपाय काढला. रोज सकाळी साडेसहाला पायरीवर बादलीभर पाणी ओतते. "पायरी धुतां," म्हणते. चूक कुणाची काढता येत नाही.

निशीकासाई

मी तोक्योत अकरा वर्षं आहे, नावावरून कळलंच असेल (निशी-कासाई म्हणजे इथली भारतीयांची वस्ती). 'जपानमध्ये बघा' हा प्रतिसाद कुणी द्यायच्या आत मीच देते.

होय, गाडीत फोन वाजत नाही. सॅक पोटावर. दाराच्या दोन्ही बाजूंना उभं राहून आधी उतरू देतात. सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे, आणि दुसरी बाजू घाईत असलेल्यांसाठी रिकामी. सरकत्या जिन्यावर चालू नका, उभेच राहा, असा नियम शेजारच्या सैतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून केला, दंड नाही. तरी लोक बाजू रिकामी सोडतातच. सवय कायद्याला दाद देत नाही, हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

पण हे ऐका. माझ्या वेळी सातवा महिना होता. इथे गरोदर बायकांना पर्सला लावायला एक बिल्ला मिळतो, गुलाबी, २००६ पासून आहे. तो लावून मी राखीव बाकासमोर उभी. बाकावर तिघे, तिघांच्या नजरा मोबाईलमध्ये. कुणी धक्का मारला नाही, कुणी मोठ्याने बोललं नाही, इतका सभ्य डबा! चाळीस मिनिटं उभी होते.

त्याच बाळंतपणासाठी आईकडे आले. नको म्हणत असताना आईने लोकलने नेलं. दादरला लेडीज डब्यात चढतेय तोच तीन बाजूंनी आवाज, "ए सरक, ए उठ, दिसत नाही का तिला कितवा लागलाय!" दोघींनी दंड धरून बसवलं. मग पुढची वीस मिनिटं: कितवा महिना, पहिलंच का, डोहाळे कसले, नवरा आला नाही का सोबत, मुलगाच होणार बघ तोंडावर तेज नाही. एकही प्रश्न विचारण्याजोगा नव्हता. मी सगळ्यांची उत्तरं दिली.

मी_दिव्याची

मुलगाच झाला का?

निशीकासाई

मुलगी. 😊

रानजाई

निशीकासाईंचं वाचून लिहावंसं वाटलं. प्रश्न विचारणारी सगळीच माणसं सारखी नसतात.

नांदेडला जाणारी रात्रीची गाडी, स्लीपर. समोर एक काकू, नवरा वरच्या बर्थवर. गाडी सुटताच त्यांनी डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. "खा गं बाळा, एकटीच निघालीस." मी माझ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर घेतली एक. मऊ होती, दुधातली. नाव विचारलं, सांगितलं. "पूर्ण नाव?" वडिलांच्या नावासकट सांगितलं. आडनाव आमचं असं आहे की चार जातींत सापडतं. मग "गाव कुठलं?" मग "गावात घर कुठल्या बाजूला?" मग "देव कुठला तुमचा?" आवाज इतका गोड की कुणाला वाटेल भाचीशीच बोलतायत. मला पहिल्या प्रश्नालाच कळलं होतं गाडी कुठल्या स्टेशनला चाललीय. सात प्रश्न झाले तरी ती पोचेना, म्हणून आठवा विचारायच्या आत मीच सरळ सांगून टाकलं.

काकू काही बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण लावलं. क्लिपा दोन्ही बाजूंनी नीट दाबल्या. साडेनऊला म्हणाल्या, "मधला बर्थ लावायचा का?" नियमाने दहानंतर लावायचा असतो, पण मी लावू दिला. मलाही समोरासमोर बसायचं नव्हतं. माझ्या कागदावर अर्धी दशमी राहिली होती.

ना मोबाईल वाजवला, ना कुणाला ढकललं, ना रांग मोडली. त्या पूर्ण बोगीत त्यांच्याइतकं शांत कुणी नव्हतं.

आणि धागाकर्ती, मीही स्वतःला 'जाऊ दे'च म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बंडूनाना

यावर ह. घ्या म्हणता येत नाही. वाचतोय.

खिडकीपाशी

रानजाई, काय लिहू कळत नाही. माझी सासूबाईंची रील फार बारकी वाटायला लागली.

रानजाई

अहो तसं नाही. रील पण बंद व्हायलाच हवी. 🙂

मोठ्यानेबोलणारा

नवीन आयडी काढून लिहितोय, कारण मी आरोपी आहे.

माझे वडील ८१ वर्षांचे, गावी एकटे. कानाचं मशीन घेऊन दिलं, ते कपाटात ठेवतात, 'बॅटरी उगाच जळते' म्हणून. संध्याकाळी सातला त्यांना व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा मी बसमध्ये असतो. सातची वेळ बदलता येत नाही, सव्वासातला बातम्या लागतात त्यांच्या. चहाबाज, २०२३ चा नियम माहीत आहे, बसमध्ये पाटी माझ्याच डोक्यावर आहे.

"जेवलात का?" "आँ?" "जे-व-ला-त का?" "हो हो, मेथीची केली होती." "औषध घेतलं का?" "आँ?" पुढचं लिहीत नाही, पोट साफ होण्यापर्यंत सगळं बसला पाठ होतं.

एक दिवस मागच्या सीटवरून एक मुलगी म्हणाली, "काका, ते जेवलेत. आम्हाला सगळ्यांना कळलं." बस हसली. मीही हसलो, पण कान तापले होते. दुसऱ्या दिवसापासून बसथांब्यावर उभा राहून फोन करतो, एक-दोन बस सोडतो. घरी पोचायला चाळीस मिनिटं उशीर. बायको विचारते, मी सांगत नाही.

त्या मुलीने ओरडून बोललं असतं तर मी भांडलो असतो, नक्की. अजून दिसते कधीकधी थांब्यावर. परवा फोन ठेवल्यावर तिने लांबूनच हाताने घास केल्याची खूण केली, जेवले का म्हणून.

कंडक्टरचा_पोर

बरेच दिवस वाचतोय, आता लिहितो. वडील एसटीत होते, ३१ वर्षं, मराठवाड्यातल्या एका आगारात.

खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग दारातून भांडत भांडत चढायचं, हे आपलं राज्यव्यापी आरक्षण. वडील सांगायचे, रुमालावरून मारामाऱ्या झाल्यात, पण रुमाल चोरीला गेल्याची तक्रार एकदाही आली नाही. टोपी, पिशवी, एकदा तर खिडकीतून पोरगंच आत सोडलं, ते रडायला लागलं आणि शेजारच्याने मांडीवर घेतलं, सीट गेलीच.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा वडील निवृत्त झाले होते, पण गाडीने जाताना ऐकायचे, "हाफवाल्या उभ्या राहा की, फुल्ल तिकीट आमचं." ते ऐकून घरी येऊन जेवले नव्हते एकदा. कंडक्टर गप्प का बसला, एवढंच म्हणत राहिले.

आता धागाकर्तीसाठी वडिलांचा इलाज. प्रवाशाला 'करू नका' कधी म्हणायचं नाही. त्याला काहीतरी काम द्यायचं. दारू पिऊन बडबडणारा असला की वडील त्याला म्हणायचे, "पाव्हणं, माझा हिशेब चुकतोय, जरा मागच्या सीटा मोजा बरं." तो मोजायचा, चुकायचा, परत मोजायचा, परभणी यायची. मोठ्याने गाणी लावणारा असला की त्याच्याच शेजारी जाऊन बसायचं आणि विचारायचं, "कुठलं हो हे? कुठं मिळालं?" त्याला उत्तर द्यायचं असतं. आपल्या गाण्यात आपलंच बोलणं ऐकू येत नाही म्हणून तो स्वतःच आवाज कमी करतो. एकदा कमी केला की पुन्हा वाढवत नाही, कारण आता तुम्ही ओळखीचे झालात.

पेठेतला

व्याकरणाच्या दृष्टीने हा इलाज माझ्यापेक्षा सरस आहे. खाली बसतो.

आसनगावकर

एकच सुधारणा. 'ओळखीचे झालात', हेच मी वर म्हणत होतो.

मी_दिव्याची

आसनगावकर, मग उद्या दिव्याला दारात ओळख काढू का?

आसनगावकर

काढा. तिसरा डबा, मधलं दार. निळी सॅक.

खिडकीपाशी (शनिवार, रात्री १०:१५)

अपडेट. आसनगावकर पैज हरले, रीलवाल्या बाई रोजच्याच निघाल्या. आज त्याच गाडीला, त्याच बाकावर. मला बघून त्यांनी मान फिरवली, मीही फिरवली. डोंबिवलीपर्यंत 'सासूबाई' नव्हती, दुसरंच काहीतरी चरचरत होतं, आवाज पूर्ण. कंडक्टरच्या पोराचा इलाज आठवला. धीर करून विचारलं, "काय बघताय?"

बाईंनी दोन सेकंद माझ्याकडे पाहिलं. भांडण आहे की चौकशी, ते तपासत असणार. मग फोन माझ्या बाजूला वळवला. "धिरडी. ज्वारीची. पण तव्याला चिकटत नाहीत, बघा ना." सरकल्या थोड्या, माझं दुसरं अर्धं बूडही बाकावर आलं. आवाज काही कमी झाला नाही, कारण आता दोघी बघत होतो. उल्हासनगरला समोरच्या चकलीवाल्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, "जरा आवाज वाढवा, पीठ किती घेतलं ते ऐकू आलं नाही."

नर्स मुलगी होती डब्यात. तिने डोळे उघडले, आम्हा तिघींकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

चहाबाज

ती काही बोलली का?

खिडकीपाशी

नाही. बोलली असती तर काय म्हणाले असते मी, हाच विचार करत घरी आले.

बंडूनाना

धिरड्यांना पीठ किती घेतलं पण?

प्रशासक

पाककृतीसाठी वेगळा विभाग आहे.